नव्वद वर्षांची पहिलटकरीण

मी निवृत्त नर्सबाई. सगळी नोकरी वाशीम जिल्ह्यात उपकेंद्रांवर काढली. सुरुवातीला किन्हीराजाकडे होते, नंतर कामरगावच्या बाजूला, आणि निवृत्तीनंतर इथल्याच एका खेड्यात दोन खोल्या बांधून राहिले. जन्म कोकणातला आणि धर्मानं ज्यू. आम्हाला बेने इस्राएल म्हणतात. आजूबाजूच्या चार तालुक्यांत आमच्यातलं दुसरं कुणी मला अजून भेटलेलं नाही.

इथल्या लोकांना हे समजावून सांगायचा नाद मी फार पूर्वीच सोडला. नवी नवी होते तेव्हा एका आजीबाईंनी जात विचारली. मी भाबडेपणानं सांगितलं की आमचे पूर्वज कोकणात तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे. आठ दिवसांत माझ्या धाकट्या बहिणीसाठी तेली समाजातलं बागायतदार स्थळ घेऊन चार माणसं दारात हजर. नाही म्हणताना माझी पंचाईत झाली, कारण मुलगा खरंच चांगला होता.

तर गोष्ट माझ्या वर्गाची आहे. आमची माणसं ठाण्याला, पेणला, अलिबागकडे, आणि बरीचशी इस्राएलात. त्यातल्या मोठ्या माणसांसाठी दर रविवारी संध्याकाळी फोनवर शास्त्राचा वर्ग भरायचा. सगळे पन्नाशीच्या पुढचे. एक विद्वान गृहस्थ शिकवत आणि मी इथून ऐकत असे. त्यांनी शास्त्रातल्या बायकांचा विषय काढला तेव्हा मी कौतुकानं वही घेऊन बसले. तीन रविवार झाले तरी वहीत तीनच ओळी होत्या. अमकी श्रद्धेचं प्रतीक, तमकी संयमाचं प्रतीक, तिसरी आज्ञाधारकपणाचं प्रतीक. तिसऱ्या रविवारी कुणीतरी घोरायला लागलं आणि कोण घोरतंय हे शोधण्यात दहा मिनिटं गेली.

माझं डोकं फिरलं. डोकं फिरलं की मी लिहिते आणि मग पस्तावते. मी ग्रुपवर लिहिलं, “प्रतीक होण्याआधी या बायका पाणी कुठून भरायच्या? एकाही बाईच्या घरी कुणी गृहभेट दिलेली दिसत नाही.”  पाच मिनिटांत वर्ग भरवणाऱ्या कमिटीचं उत्तर आलं की सरांच्या गुडघ्याचं ऑपरेशन आहे, तोवर वर्ग तुम्हीच घ्या.

आता मला काय शिकवता येतं? जुलाबावर मीठ-साखरेचं पाणी, बाळाच्या लसी, आणि नवऱ्यासमोर न बोलणाऱ्या बाईला बोलतं कसं करायचं, एवढं येतं. शास्त्र मला येत होतं ते वडिलांच्या तोंडून ऐकलेलं. पण माझ्याकडे एक हत्यार होतं. निवृत्त होताना मी उपकेंद्रातून कोऱ्या गृहभेट फॉर्मांचा एक गठ्ठा घरी आणला होता. आणायला नको होता, पण आणला. रिकाम्या कपाटात एक ओळखीची वस्तू असावी म्हणून आणला असेल. नाव, पत्ता, वय, मागची बाळंतपणं, आहार, पिण्याचं पाणी, शौचालय, जनावरं, घरात निर्णय कोण घेतं, बाईची तक्रार आणि शेवटी शेरा, असे त्यात रकाने. खाली छापलेली ओळ, ‘मी स्वतः गृहभेट देऊन ही माहिती भरली आहे’, आणि सहीची जागा.

पहिल्याच रविवारी मी वर्गाला सांगितलं, “आजपासून एकेका बाईच्या घरी जायचं आणि फॉर्म भरायचा. नावाचा रकाना कोरा ठेवायचा. बाकीच्यांनी बाई ओळखायची.” मंडळी फोनवर सांगत, मी माझ्या हातानं फॉर्मवर उतरवून घेई. दुसऱ्याच्या अक्षरातला फॉर्म मला वाचवत नाही.

वर्गात ठाण्याचे एक निवृत्त गृहस्थ होते. त्यांचं आयुष्य शिक्षण खात्यात शाळांची हजेरीपत्रकं तपासण्यात गेलेलं, म्हणून सगळे त्यांना साहेब म्हणत. त्यांनी लगेच हरकत घेतली. “पवित्र शास्त्रातल्या स्त्रियांना तुम्ही शौचालय आहे का म्हणून विचारणार?”

“तंबूत राहत होत्या, साहेब. विचारायची गरज नाही. ‘नाही’ लिहा.”

पेणच्या एक काकू होत्या, त्यांना मात्र हा खेळ इतका आवडला की त्या आठवडाभर आधीपासून फॉर्म तयार ठेवू लागल्या. विहिरीवर परक्या माणसाला पाणी पाजणाऱ्या मुलीची भेट त्यांनीच केली. त्या माणसाच्या दहा उंटांनाही तिनं पाणी पाजलं आणि त्यावरून त्यानं तिला आपल्या मालकाची सून म्हणून पसंत केलं, हे आम्ही लहानपणापासून ऐकलेलं. काकूंनी तक्रारीच्या रकान्यात सांगितलं, “कंबर.”

साहेब म्हणाले, “शास्त्रात असं कुठं आहे?”

“दहा उंट होते ना? मग आहे,” काकू म्हणाल्या. “मी लग्न होऊन आले तेव्हा दोन म्हशी होत्या, तर माझी कंबर अजून दुखते. आणि तो गडी बघत उभा होता. एक बादली तरी उचलली का त्यानं?”

साहेबांनी मनातल्या मनात बादल्या मोजल्या असाव्यात. मग त्यांचा आवाज आला, “घरात निर्णय कोण घेतं, त्या रकान्यात मात्र ‘स्वतः’ लिहा. तिला विचारलं होतं, येतेस का म्हणून. ती जाते म्हणाली.” मी ‘स्वतः’ लिहिलं. त्या दिवशी मला कळलं की वर्ग चालणार.

मग जळतं गाव सोडून पळताना मागे वळून पाहिलं म्हणून मिठाचा खांब झालेली बाई आली. साहेबांनी आहार या रकान्यात मीठ जास्त असं सांगून सगळ्यांना हसवलं. माणूस हळूहळू माणसात येत होता. पण काकूंनी विचारलं की मागे जळत्या गावात तिच्या दिलेल्या लेकी राहिल्या असतील तर? त्यावर कुणी हसलं नाही. इस्राएलातल्या एका आजींनी एवढंच सांगितलं की जहाजात बसताना त्यांच्या आईनंही वळून पाहिलं होतं. मी शेऱ्यात लिहिलं, ‘वळून पाहिलं. साहजिक आहे.’

आणि मग ती नव्वद वर्षांची. आमच्या सगळ्यांची मूळमाय. जन्मभर मूल नाही, नवरा शंभरीला टेकलेला, आणि तंबूत आलेले पाहुणे म्हणतात की पुढच्या वर्षी तुला मुलगा होईल. ती तंबूच्या पडद्याआड उभी राहून ऐकते आणि हसते. ही माझी आवडती बाई, म्हणून हिचा फॉर्म मी स्वतः भरला. वय: ९०. मागची बाळंतपणं: नाहीत, पहिलटकरीण. पत्ता: तंबूवस्ती, मोठ्या झाडाखाली. जनावरं: मेंढ्या, गाढवं, उंट. तक्रार: हसते. शेरा: अतिजोखमीची माता. मी नर्स आहे, हे वय पाहून दुसरं काही लिहिणं माझ्या हाताला जमलंच नसतं.

तिच्याच तंबूतल्या दासीचाही फॉर्म भरला. तिला त्याच नवऱ्यापासून आधी मुलगा झालेला. पुढं तिला मुलासकट घराबाहेर काढलं. पिण्याचं पाणी: पखालीतलं संपलं. शेरा: मुलाला झुडपाखाली ठेवून लांब जाऊन बसली आहे.

असे नऊ फॉर्म झाले. दहावी भेट दोन सुइणींची ठरली होती. परदेशी राजा त्यांना सांगतो की आमच्या बायकांना मुलगा झाला तर तिथंच मारून टाका. त्या मारत नाहीत, आणि जाब विचारल्यावर सांगतात की काय करणार महाराज, या बायका दणकट, आम्ही पोचायच्या आत मोकळ्या होतात. साहेबांनी आदल्या रविवारीच मला कोंडीत धरलं. “तुम्ही याच खात्यातल्या. त्यांनी सरकारला खोटा अहवाल दिला. तुम्ही काय केलं असतं?”

आणि मी मान ताठ करून सांगितलं, “साहेब, उभ्या नोकरीत मी एक खोटी नोंद केली नाही.” खरंच केली नव्हती. मला त्याचा भयंकर माज होता. कोऱ्या फॉर्मांचा गठ्ठा घरी आणला, त्याची आठवण मला तेव्हा झाली नाही.

आता आमच्या आशाची ओळख करून देते. आशा हे तिचं नाव नव्हे, पद आहे. गावातल्या गरोदर बायका, बाळंतिणी, तान्ही बाळं यांची खबर आरोग्य केंद्रात पोचवणाऱ्या बाईला आशा म्हणतात. ही तिशीतली, थोड्या शेतीच्या घरातली धाकटी सून. घरात तिला ‘लहानी’ म्हणतात, गावात ‘आशाताई’. तिचं खरं नाव तिच्या रेशनकार्डावर आणि आरोग्य केंद्रातल्या आशांच्या यादीवर असं दोनच ठिकाणी लिहिलेलं आहे, आणि त्यातलं यादीवरचं तिला जिवापाड प्यारं. ती मला एकदा म्हणाली होती, “घरात चार लोक बसले का आता मलेबी इचारतात, बाई. आशा हाये म्हनून. नाई तं मले कोन इचारते?”

दर महिन्याला ती आपले फॉर्म घेऊन माझ्याकडे येई. मी तपासून देई, फारच खाडाखोड असेल तर माझ्या हातानं पुन्हा लिहून देई. केंद्रात नवे फॉर्म संपल्यामुळे जुनेच चालवा असं सांगितलेलं, त्यामुळे तिचे फॉर्म आणि माझ्या कपाटातले फॉर्म एकसारखे.

रामनवमीच्या आधीची गोष्ट. पोहरादेवीला यात्रेची गर्दी लोटते, तिकडे केंद्रातली निम्मी माणसं ड्युटीवर गेलेली आणि उरलेल्यांनी आशांना निरोप धाडलेला की आजच्या आज फॉर्म द्या. ही धावतपळत आली. मी मागच्या अंगणात वाल सोलत होते. ती आतून ओरडली, “बाई, घेऊन चालली वं!” मी म्हटलं, “ने.” बाहेर जीपवाला हॉर्न वाजवत होता. टेबलावर तिचा गठ्ठा होता, त्याखाली माझे नऊ. तिनं दोन्ही उचलले आणि जीपमध्ये मांडीवर ठेवून एकामागून एक सह्या ठोकल्या. अक्षर माझं होतं, मग वाचायचं कशाला?

रविवारी वर्गाच्या वेळी माझे फॉर्म सापडेनात. मी मांजराला शिव्या घातल्या, आणि यात्रेमुळे नेटवर्क नाही असं कळवून वर्ग पुढं ढकलला. नेटवर्क छान होतं.

सोमवारी सकाळी आशा आली ती दारातच बसली. “बाई, माह्यं नाव कापतीन आता.”

हळूहळू कळलं ते असं. आरोग्य केंद्रातले डॉक्टर नवे, पुण्याचे, शिक्षण संपवून पहिल्यांदाच खेड्यात आलेले. पोहरादेवीची ड्युटी करून आले आणि रात्रभर झोप नसतानाही त्यांनी फॉर्म वाचायला घेतले. आमच्या खात्यात मी पाहिलेले हे पहिले डॉक्टर, जे फॉर्म वाचतात. नावाचा रकाना कोरा असलेली नव्वद वर्षांची पहिलटकरीण पाहून आधी ते आकडा चुकला म्हणाले. मग ‘तक्रार: हसते’ वाचून घाबरले. बाईच्या डोक्यावर परिणाम झालाय, ती उघड्यावर तंबूत आहे, बरोबर कुणी दाई नाही. ते रुग्णवाहिका घेऊन निघाले आणि त्यांनी टळटळीत उन्हात दोन तास गावाभोवतीच्या प्रत्येक मोठ्या झाडाखाली उतरून पाहिलं. एका वडाखाली त्यांना पत्ते खेळणारे चौघे सापडले.

“मले फोन केला, म्हने कोनत्या झाडाखाली? मी म्हटलं, सर, सांगतो. आता काय सांगू? खरं सांगा बाई, ते नव्वदची बाई हाये का नाई?”

“आहे. म्हणजे होती.”

“मेली?”

“हो, पण पुष्कळ वर्षांनी.”

“बाळंतपनात?”

“नाही गं. एकशे सत्ताविसाव्या वर्षी.”

आशानं पदर डोक्यावरून ओढला आणि भिंतीला टेकली. मग मी तिला सगळं समजावून सांगितलं. ती माझ्यावर ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं. पण ऐकून झाल्यावर ती एवढंच म्हणाली, “पन सही तं माही हाये. मी सोता भेट देली म्हनून.”

ती बरोबर बोलत होती. मी जाऊन खरं सांगितलं असतं की हे माझ्या वर्गाचे कागद आहेत, तर माझं काय जाणार होतं? मी निवृत्त. लोक हसले असते. पण हिनं न गेलेल्या नऊ घरी गेल्याची सही केली होती. डॉक्टरांना ते वर कळवावंच लागलं असतं, आणि यादीतलं नाव गेलं असतं. मूर्खपणा माझा आणि नाव तिचं.  आम्ही दोघी जीपमध्ये बसून केंद्रावर गेलो.

डॉक्टर टेबलाशी बसले होते. नाक उन्हानं सोललेलं. अगदी पोर होता तो. समोर दोनच फॉर्म, ज्यांत जिवाला धोका दिसत होता तेवढे. माझ्याकडे पाहून उठून उभे राहिले आणि खुर्ची दिली. त्यामुळे माझी हिंमत आणखीच गेली.

“मॅडम, बरं झालं आलात. या ताई काही बोलतच नाहीत. मी यांना म्हटलं, नोंद खोटी असेल तर मला कळवावं लागेल. पण खरी असेल तर ती बाई कुठंय?”

मी तोंड उघडलं ते खरं सांगायला. देवाशपथ खरंच. मग माझी नजर आशावर गेली. ती भिंतीवरच्या यादीकडे पाहत होती. आणि माझ्या तोंडून आलं, “डॉक्टर, ते कुटुंब निघून गेलं.”

“कुठं?”

“एका जागी राहणारी माणसं नाहीत ती. तंबू, मेंढ्या, उंट घेऊन हिंडतात.”

दारात उभा असलेला रुग्णवाहिकेचा ड्रायव्हर म्हणाला, “काठेवाडी असतीन, सर. येतात इकडं उंट घेऊन. आज इथं तं उद्या यवतमाळकडे.”

मी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. डॉक्टरांनी पेन उचललं. “पण गरोदर बाई! या अवस्थेत?”

“बाळंत झाली.”

“झाली? कुठं?”

“घरीच. तंबूत.”

“कुणी केलं?”

“ते लिहिलेलं नाही.” हे अगदी खरं होतं. मला लहानपणापासून त्याचा राग आहे. “मुलगा झाला. दोघं सुखरूप.”

“बाळाचं वजन?”

“कुणी केलं नाही. दूध मात्र भरपूर होतं. दूध तोडलं तेव्हा बापानं गावजेवण घातलं.”

डॉक्टरांनी दुसरा फॉर्म पुढं ओढला. “आणि ही? पाणी संपलं, मूल झुडपाखाली? या पानानं मला झोपू दिलं नाही, मॅडम.”

“तिला विहीर दिसली. मुलाला पाणी पाजलं. पोरगा चांगला मोठा झाला.”

“दोघींचा पत्ता एकच आहे. नवराही एकच?”

“हो.”

“आणि यांचं पटत नव्हतं?”

“अजिबात नाही,” मी म्हटलं, आणि इतक्या मनापासून म्हटलं की ड्रायव्हरनंही मान हलवली.

डॉक्टर पुन्हा पहिल्या फॉर्मकडे वळले. “वय नव्वद म्हणजे काय? एकोणीस असेल ना?”

“तिच्याजवळ काही कागद नव्हता, डॉक्टर. सांगितलं तसं लिहिलं.”

“आणि हसते म्हणजे?”

“मूल होणार ऐकून हसली. आधी विश्वास बसला नाही म्हणून, आणि झाल्यावर आनंदानं. मुलाचं नावही तिनं हसण्यावरूनच ठेवलं.”

डॉक्टरांनी मान वर केली आणि माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. त्या नजरेत काय होतं ते मला आजही सांगता येत नाही. मग त्यांनी दोन्ही फॉर्मांवर एकेका शब्दाचा शेरा लिहिला, ‘स्थलांतरित’, सही केली आणि पेनाला टोपण लावलं. “ताई, पुढच्या वेळी अशी कुणी असली तर मला लगेच फोन करा. रात्री दोनला करा. पण नंतर कागदावर नको.” आशा हो म्हणाली.

बाहेर आल्यावर मला फार लाज वाटली. त्या मुलाचं सोललेलं नाक डोळ्यांसमोरून जाईना. मी त्याला बोललेला एकेक शब्द खरा होता आणि सगळं मिळून धडधडीत खोटं होतं. उभ्या नोकरीतला माझा माज अर्ध्या तासात गेला होता. आशा जीपमध्ये चढली, बसली आणि एकदम हसायला लागली. पदराचा बोळा तोंडात घातला तरी थांबेना. “वजन कुनी केलं नाई,” एवढंच मधूनमधून म्हणायची. शेजारच्या बाईनं मला विचारलं, “काय झालं हो यांले?” मी म्हटलं, “तक्रार आहे.”

पुढचा रविवार आमच्या पेसाहच्या आधीचा. त्या सणाला आम्ही गुलामीतून सुटल्याची गोष्ट सांगतो, आणि ती गोष्ट सुरूच होते त्या दोन सुइणींपासून. आशा दुपारपासून माझ्याकडे येऊन बसली होती. “मले आयकू द्या, काय शिकवता तुमी ते,” म्हणाली, आणि तुरीची डाळ निवडायला घेतली. फोनमध्ये दिसणार नाही अशी, पण सगळं ऐकू येईल अशी बसली.

वर्ग सुरू झाला. साहेबांनी वाटच पाहिली नाही. “हं. तर खोट्या अहवालाचं काय?”

मी सगळं सांगितलं. काही लपवलं नाही, कोऱ्या गठ्ठ्याचंही सांगितलं. नेटवर्कचं खोटंही सांगितलं. काकू आधी हसून हसून खोकायला लागल्या, पण डॉक्टरांचं नाक ऐकल्यावर गप्प झाल्या. “म्हणून,” मी म्हटलं, “सुइणींची गृहभेट घ्यायचा मला अधिकार राहिलेला नाही. साहेब, तुम्ही काय शेरा द्याल तो द्या.”

साहेबांनी शेरा दिला नाही. एक जुनी गोष्ट काढली.

“मी एका वस्तीशाळेवर तपासणीला गेलो होतो,” ते म्हणाले. “हजेरीपत्रकात सगळी मुलं हजर, आणि वर्गात बाक रिकामे. आईबाप ऊसतोडीला गेले की मुलं बरोबर जायची. गैरहजेरी लावली असती तर पटावरनं नावं कापावी लागली असती, मग परत आल्यावर शाळा संपली. मी शाळेच्या बाईंना विचारलं, मुलं कुठं आहेत? बाई म्हणाल्या, आत्ताच पाणी प्यायला गेलीत, साहेब.” पुढं स्वतःच म्हणाले, “सगळीच्या सगळी.”

“मग तुम्ही काय केलंत?” काकूंनी विचारलं.

“सही केली आणि पान उलटलं. घरी कधी सांगितलं नव्हतं हे.” मग मला म्हणाले, “बाई, तुमच्या त्या डॉक्टरांनी पान उलटलंय. मी जन्मभर पानं उलटणारी माणसं पाहिली आहेत, मला कळतं.”

मला रडू आलं. वर्गासमोर रडायचं नाही म्हणून मी चष्मा पुसत बसले. तेवढ्यात बाजूनं आवाज आला, कारण आशाला कुजबुजता येत नाही. “बाई, मंग त्या दोघीचं काय झालं? राजानं काढून टाकलं काय त्याईले?”

“कोण बोललं?” साहेबांनी विचारलं.

“आमच्या खात्यातली आहे,” मी म्हटलं, आणि फोन तिच्याकडे फिरवला. तिनं घाईनं पदर सारखा केला. मी तिला सांगितलं, “नाही काढलं. देवानं त्यांचं भलं केलं. त्यांना घरं दिली, असं लिहिलंय.”

“घरकुल?” ती सावरून बसली. तिच्या सासऱ्यांचा घरकुलाचा अर्ज चार उन्हाळे झाले पडून आहे. “लवकर भेटलं त्याईले.”

काकूंनी आठवण केली की दहावा फॉर्म अजून कोराच आहे. मी तो पुढं ओढला. सवयीनं नावाचा रकाना सोडून वयावर पेन टेकवलं, तर आशानं माझा हात धरला.

“नाव काहून नाई लिवत?”

“आमच्या खेळात नाव कोरं ठेवतात.”

“पन हाये काय त्याईचं नाव? शास्त्रात?”

“आहे. दोघींचंही आहे.” मी दोन्ही नावं सांगितली. तिनं ती तोंडात घोळवून पाहिली, एक नीट आलं, दुसरं दोनदा चुकलं. मग तिनं मला ती फॉर्मवर लिहायला लावली आणि मी लिहीपर्यंत हात सोडला नाही.

“आन् राजाचं?”

मी आठवून पाहिलं. वडिलांनी सांगितलेल्या गोष्टीत कधी आलं नव्हतं. साहेबांनी तिकडं पुस्तक उघडून पाहिल्याचा आवाज आला. “नाही,” ते म्हणाले. “राजा, एवढंच आहे. नाव कुठंच लिहिलेलं नाही.”

“म्हंजे त्याचंच कापलं,” आशा म्हणाली, आणि तिनं डाळीचं सूप पुन्हा पुढ्यात ओढलं.